आजची पिशवी उद्या मोजायची

टेंभुर्णीहून सिद्धार्थच्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा गेला. छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतबी पोचला न्हाई," एवढंच तो बोलू शकला. त्याला आता तीन आठवडे झाले. खरं सांगतो, त्या क्षणी मला आधी रडू नाही आलं, लाज वाटली... सिद्धार्थला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली होती.

जालन्यात बियाण्याच्या प्लास्टिक पिशव्या करणाऱ्या कारखान्यात आम्ही बरोबरच लागलो. माल रवाना करणं माझं काम, भरलेल्या पिशव्यांची थप्पी घसरून कोसळू नये म्हणून पिशवी पिशवीवरून किती घसरते हे मोजणं त्याचं. फळीवर पिशवीचा तुकडा ताणून लावायचा, दुसरा तुकडा गुंडाळलेला ठोकळा त्यावर ठेवायचा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. ठोकळा सुटेल तो कोन वहीत. मशीन आल्यावरही त्यानं फळी सोडली नाही. बोटाचा घाम लागला की माप खोटं येतं, म्हणून तुकडा कडेनंच धरायचा. पुढं पुढं लग्नपत्रिकासुद्धा तसाच धरून वाचायला लागला. ताज्या पिशवीवर तर सहीच करत नसे. प्लास्टिकमध्ये मिसळलेलं, पिशवी गुळगुळीत करणारं द्रव्य वर यायला एक दिवस लागतो, म्हणून म्हणायचा, "उद्या पाहू." आम्ही त्याचं नाव उद्यासाहेब ठेवलं होतं.

एकदा ऐन पेरणीच्या तोंडावर शहागडच्या बियाणेवाल्याचा ट्रक दारात उभा होता. फळी बरीच उचलली तरी ठोकळा हलेना. मी म्हणालो, "पास आहे की रे! कर सही."

"आज चिटकून राह्यलीय. उद्या सुटंल. थप्पीवर माणूस चढतो, लेका."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोललो आणि सहीशिवाय माल काढला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला हाताला धरून फळीपाशी नेलं. तुकडा कालच्याच मालाचा होता. टोक चार बोटं उचललं नाही तोच ठोकळा सर्रकन खाली आला. तिकडे शहागडला पिशव्या भरून थप्प्या लागत होत्या. मी फोन लावला. नुसता वाजत राहिला... पुन्हा लावला. तिसऱ्यांदा मुकादमानं उचलला, तेव्हा सिद्धार्थनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. "वरचा माणूस उतरवा! जल्दी!" तिकडून आरडाओरडा, कुणीतरी उडी मारल्याचा आवाज, आणि मग धडाधड काहीतरी कोसळलं... "उतरला व्हता," मुकादम धापा टाकत म्हणाला. "आत्ताच उतरला व्हता."

सिद्धार्थनं फोन ठेवला आणि वहीत कोन लिहिला. चारचौघांत बोललो होतो, तेव्हा माफीही चारचौघांतच मागायला हवी होती. म्हटलं, उद्या मागू. पुढं कित्येक वर्षं शेजारी बसून डबे खाल्ले, पण तो उद्या मी काही उजाडू दिला नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी फळी काढली. तुकडा कडेनं धरून लावला, टोक उचलू लागलो. सगळे डबे उघडून बसले होते. ठोकळा सुटायच्या आत मोठ्यानं म्हणालो, "सिद्धार्थ, चुकलं माझं, लेका." सगळ्यांच्या माना वळल्या. ठोकळा सरकला. मी कोन वहीत लिहिला. सहीची जागा मात्र मोकळी ठेवली. पिशवी आजचीच होती.