नववा महिना, दीड हजार किलोमीटर

जयपूर ते कोल्हापूर सरळ रेषेत साधारण साडेअकराशे किलोमीटर, रस्त्यानं दीड हजाराच्या आसपास. हे आकडे मला पाठ झाले ते माझ्याच हट्टापायी.

जयपूरला राहणाऱ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, यावर मी अडून बसले होते. सातव्यात तिला रजा मिळेना. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत, म्हणून मीच सांगितलं, नववा लागला की ये. विमानानं काय, बसलं की पोचलं. विमानवाले आठवडे मोजतात, हे माझ्या गावीही नव्हतं. त्या दिवशी पहाटे विमानतळावरून तिला परत पाठवलं, इतके दिवस भरलेल्या बाईला घेत नाही म्हणाले. मी नाराज होईन म्हणून जावयांनी घरी न जाता गाडी सरळ कोल्हापूरच्या रस्त्याला लावली.

इकडे कसबा बावड्यात तिची खोली तयार होती. डब्यात डिंकाचे लाडू, बाजेवर नवी गादी. त्याच गादीवर बसून मी मोबाइलच्या नकाशावर त्यांच्या गाडीचा निळा ठिपका बघत होते. अजमेर यायच्या आतच लेकीचा फोन आला. "आई, कंबर लई दुखतीया." मी म्हटलं, पाठीला उशी घे, टेकून बस. फोन ठेवला आणि पुन्हा ठिपक्याकडे बघत बसले. मग ठिपका थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दोघांचाही फोन लागेना. नवस बोलायलाही मला तोंड नव्हतं, कारण पोरीला त्या रस्त्यावर मीच घातलं होतं.

जन्मभर एसटी चालवलेले आमचे हे दारात उभे होते. मी त्यांच्यावरच उखडले, नुसते बघत काय उभे राहिलात, काहीतरी करा म्हणाले.

ते म्हणाले, "तिला विमानात घेत न्हाईत. तुला घेत्यात की."

आई लेकीच्या घरी बाळंतपणाला गेली तर भावकी काय म्हणेल, हे मी इतके महिने सगळ्यांना ऐकवत होते. खरं म्हणजे मला विमानाची भीती वाटायची. कधी बसलेच नव्हते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण यांनी ओळखलेलं दिसत होतं.

एकदाचा फोन लागला. पाठ मोकळी करायला ती दोघं एका ढाब्यावर थांबली होती.

"मागं फिरा," मी म्हटलं. "मी येतो तिकडं."

मग लेक रडत रडत म्हणाली, "आई, पाचव्यातच इचारलं हुतं की मी तुला, येतीस काय म्हणून."

विचारलं होतं खरं. तेव्हा मी हसून विषय बदलला होता.