कुठे थांबलात?

सरिता अर्ज टाइप करताना ओठ हलवते. समोरचा माणूस लांबण लावू लागला की चष्मा कपाळावर चढवते. झेरॉक्सचा वाया गेलेला कागद टाकत नाही, त्याच्या कोऱ्या बाजूला वाक्यं लिहिते. अर्धा चहा बशीत ओतते आणि विसरते. आणि शनिवारी संध्याकाळी फोनवरच्या लिहिणाऱ्यांच्या गटावर गोष्ट टाकली की फोन बंद करून शिवणाच्या डब्यात ठेवते, तो रविवारी दुपारीच काढते. म्हणते, लोक वाचत असताना आपण तिथं उभं राहू नये.

या शेवटच्या सवयीनंच घात केला.

तिचं दुकान पोलादपूरला, तहसील कचेरीच्या समोर. रेशनकार्ड, वारसनोंद, दाखले, सगळ्यांचे अर्ज ती लिहिते. नवरा सुनील मुंबईला कंपनीत. सासू रंगूबाई आंबेनळी घाटाच्या अलीकडे, वरच्या वाडीत एकटी. वाडीत फोनला रेंज नाही आणि रंगूबाईला खाली यायचं नाही.

अक्षदा नाते गावची, महाडच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेली. दोघींची गाठ पडली ती फोनवरच्या ‘शनिवार कट्टा’ नावाच्या गटात. चाळीसेक माणसं, कुणी डोंबिवलीचं, कुणी साताऱ्याचं. दर शनिवारी एकेक पान टाकायचं आणि दुसऱ्यांची दोन वाचायची. नियम एकच. ‘छान’ म्हणायला बंदी. वाचता वाचता कुठे थांबलात, तेवढं सांगायचं.

सरिताच्या पहिल्या गोष्टीखाली अक्षदानं लिहिलं होतं, ‘दुसऱ्या ओळीवर थांबले. हा अर्ज आहे.’

उत्तर आलं, ‘बरोबर. मी अर्जच लिहिते. पोलादपूरला.’

अक्षदा दुसऱ्या दिवशी लाज घेऊनच एसटीत बसली. सरितानं तिला स्टूल दिलं आणि वही पुढे केली. वहीत लिहिलं होतं, अक्षदा, दुसरी ओळ.

चार वर्षं ती वही भरत गेली. विनोदिनी, तिसरा परिच्छेद. आमोद, नदीचं वर्णन आल्यावर. सरिता वाद घालायची नाही. जिथे माणूस थांबला तिथे बोट ठेवून बघत बसायची, मग अख्खा परिच्छेद काढायची. हळूहळू थांबण्याच्या जागा खाली खाली सरकल्या. अर्जाचा कोरडेपणा तिनं टाकला नाही, तोच कामाला लावला. अक्षदाला अभ्यासाला लावलेल्या पुस्तकांत असं कुणी करताना दिसलं नव्हतं.

यंदा कट्ट्यानं दिवाळीला पुस्तक छापायचं ठरवलं. रघुवीर सर कट्टा चालवतात, निवृत्त मास्तर. त्यांनी सरिताला सांगितलं, “पहिली गोष्ट तुमची. पण शेवटपर्यंत नेणारी द्या.” आपलं नाव छापलेलं सरितानं दुकानाच्या बावीस वर्षांत फक्त पाटीवर पाहिलं होतं.

तिनं सासूवर लिहिलं. आधी म्हातारीचं नाव सखू ठेवलं होतं. तिघंजण नावावरच थांबले, खोटं वाटतं म्हणाले. तिनं रंगूबाई केलं. मग सगळे एकदम शेवटच्या पानावर थांबू लागले. म्हातारी नुसती ओटीवर बसून राहते, पुढे काय?

“म्हातारी जायला हवी, ताई,” हे अक्षदानंच सांगितलं. “गोष्ट तिकडेच निघालीय.”

“जिवंत माणसाला कसं मारू गं?”

“गोष्टीतली आहे.”

सरितानं चष्मा कपाळावर चढवला. पुढच्या शनिवारी शेवट टाकला. ‘रंगूबाई गेली. पहाटे, ओटीवर. सून वेळेत पोचली, तिच्या हातचं पाणी पिऊनच म्हातारी गेली. परसातला फणस तसाच उभा आहे.’ मग फोन डब्यात ठेवला.

त्या शनिवारी कुणीच कुठे थांबलं नाही.

सरिताचा पुतण्या स्वराज मुंबईला असतो, कट्ट्यावर तोही आहे. काकूचा त्याला भारी अभिमान. त्यानं तो शेवट उचलून भावकीच्या गटावर टाकला. ‘काकूने काय लिहिलंय बघा’ हे त्यानं खाली, वेगळं टाकलं आणि झोपला. तिथपर्यंत कोण जातंय? गोष्टीतली ओळ दुखवट्याच्या निरोपासारखी होती आणि परसातला फणस सगळ्यांच्या ओळखीचा. काहींनी डोक्यावरून पाणी घेतलं. विक्रोळीत एका घरची सत्यनारायणाची पूजा राहिली, देव्हाऱ्यावर पडदा पडला. सरिताला फोन लावले, बंद. सुनील ड्युटीवर, त्याचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. बाई दुःखात असेल, असं सगळ्यांनी धरलं.

रविवारी सकाळी दोन गाड्या वाडीत पोचल्या. पुढे हैबती, रंगूबाईचा थोरला पुतण्या. हातातल्या पिशवीत अंगावर घालायला आणलेली कोरी साडी.

रंगूबाई ओटीवर सूप घेऊन वाल सोलत होती.

“काकी!” हैबती जागीच बसला.

“काय रे? सगळं एकदम? कोन मेलं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “तूच गो.”

“मी? मग च्या कोन ठेवनार? तुमची आयस?” तिनं हैबतीच्या हातातली पिशवी ओढून पाहिली. “रंग बरा हाय. जिती असताना कवा आनलीस नाय ती.”

मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणत माणसं हसली, चहा प्याली, परत गेली. जाताना हैबती मात्र सरिताच्या दुकानात शिरला. “वहिनी, माणसं मारायचा अर्ज बी मिळतो काय तुमच्याकडं?”

सरिता त्याच दुपारी वर गेली. बातमी ऐकून आलेली अक्षदा सोबत होती. आपण सांगितलं म्हणून हे झालं, हे वाटेत तीनदा तिच्या ओठांवर आलं.

रंगूबाई रागावलेली नव्हती. “वाच,” म्हणाली. “मी कशी मेले ती बगू.”

सरितानं पहिल्या ओळीपासून वाचलं. म्हातारी हसली, एका जागी डोळे पुसले, एका जागी म्हणाली, “ह्या आगाऊपना कशाला लिवलास गो?” शेवट आला. सून वेळेत पोचली, तिच्या हातचं पाणी...

“थांब.”

सरिता थांबली.

“हितं खोटा हाय.”

“काय, आई?”

“तू नाय पोचनार. गनपतीला येतस, शिमग्याला येतस. बाकी फोनात डोका घालून आसतस. पानी मला रखमा देईल शेजारची. तिचा नाव लिव.”

ती रागानं बोलत नव्हती. कुणाची गाय कुठे चरते ते सांगावं, तसं सांगत होती. मग तिनं सूप पुन्हा ओढलं.

उतरताना सरिता इतकंच म्हणाली, “चाळीस माणसं वाचून गेली. कुणी थांबलं नाही तिथं.”

“मीही नाही,” अक्षदा म्हणाली.

सरितानं ही जागा वहीत लिहिली का, अक्षदाला माहीत नाही. तिनं वही मागितली नाही. शनिवारी दुकान आता दुपारीच बंद होतं. सरिता वाडीच्या वाटेला लागते, रविवारी खाली येते, पाय दुखतात म्हणते. कट्ट्यावर काही टाकत नाही.

रघुवीर सरांचे फोन अक्षदाला येतात. “अहो, एकच पान दुरुस्त करायचंय ना? छपाई अडलीय. जुना शेवट छापू का?”

“विचारते,” अक्षदा म्हणते.

काल विचारायला गेली. सरिता कुणाचातरी वारसनोंदीचा अर्ज टाइप करत होती, ओठ हलत होते. “दमले गं,” म्हणाली. “रखमाचं नाव लिहिलं तर खरं होतं. माझं लिहिलं तर छापता येतं.”

“सरांना काय सांगू?”

“थांबले म्हणून सांग.”

ती चहा सांगायला बाहेर गेली. संगणकावर अर्जाच्या मागे दुसरं पान उघडं होतं. ‘रंगूबाईनं पाणी मागितलं. ओटीची पायरी चढून’ एवढंच होतं. पायरी कोण चढलं, ते लिहायचं राहिलं होतं.