स्वयंपाकघर सोडून

वालाच्या शेंगा तराजूत टाकण्याआधी काकी त्या सुपात घेऊन चांगल्या झटकायच्या. आगाशीच्या बाजारात बाकीच्या बायका भाजीवर पाण्याचे हबके मारत बसलेल्या असत, आणि ह्या आपल्या पाणी झाडत बसलेल्या. गिऱ्हाईक घाईत असलं तर म्हणायच्या, "थांब बाबा. पानी विहिरीचं हाय, त्याचं वजन मी नाय घेनार."

मी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक होतो. मूळचा साताऱ्याकडचा, नव्वदच्या सुमारास विरारला खोली घेऊन राहिलो आणि भुईगावच्या ग्रामपंचायतीत कारकून म्हणून लागलो. पहिल्यांदा ते झटकणं पाहिलं तेव्हा वाटलं, बाईला धंदा कळत नाही. तुम्हीही असंच म्हणाला असतात.

काकींचं माहेर मिठागराकडचं, लग्न होऊन भुईगावात आलेल्या. सासरी चाळीसेक वर्षं काढली तरी त्यांच्या तोंडचं पानी आणि लोनी काही बदललं नाही. वाडीतली केळी, शेंगा आणि थोडी फुलं डोक्यावर घेऊन बसने बाजारात यायच्या. बसमध्ये टोपलीला जागा लागते म्हणून स्वतः उभ्या राहायच्या.

एक दिवस त्या टोपलीसकट आमच्या ऑफिसात आल्या. नवरा वारला होता आणि घर नावावर करायचं होतं. मी वही काढली, तर त्यात घरच नव्हतं. सासऱ्यांनी बांधलेलं, कौलारू, पुढे ओटी असलेलं चांगलं नांदतं घर, पण सरकारदरबारी तिथे मोकळी हवा होती. त्यांना म्हटलं, आजवर नोंद का केली नाही? तर म्हणाल्या, कोनी इचारलंच नाय.

आता मात्र घाई होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. एकुलती एक मुलगी सासर सोडून परत आली होती, कायमची. "मी हाय तवर कोन काय बोलत नाय," काकी म्हणाल्या. "मागनं पुतने तिला उभी नाय करनार. तिच्या डोक्यावर कायतरी पायजे." पुतण्यांचा डोळा घरावर होता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नोंद झाली की ती मुलीच्या नावे करता येणार होती. नाही झाली, तर ज्याची काठी त्याची म्हैस.

गावठाणातली जागा, त्यामुळे सातबारा नाही. अशा वेळी शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, पंचांसमोर मोजायचं आणि चारी बाजूंना काय आहे ते लिहायचं. सह्या झटपट मिळाल्या. पश्चिमेचे शेजारी ख्रिस्ती कुटुंब. त्या घरची बाई केव्हाच वारलेली, घर पडलेलं, मुलगा बोरिवलीला नोकरीत. त्याने येऊन कोऱ्या कागदावर सही करून दिली आणि म्हणाला, मला हद्दी माहीत नाहीत, काकी सांगेल तसं लिहा.

अशी मोजणी मी पुष्कळ केली आहे. टेपचं एक टोक माणसाच्या हातात दिलं की तो हात आपोआप पुढे सरकतो. भले भले देवमाणूस म्हणवणारे वीतभर तरी सरकतात. मी मनात तेवढं धरूनच चालत असे.

काकींनी टोक धरलं. ओटी झाली, माजघर झालं, मागची खोली झाली. मी स्वयंपाकघराकडे वळलो तर काकी दारातच थांबल्या.

"हितवरच मोजा," त्या म्हणाल्या. "रांधपाची खोली सोडून लिवा, भाऊ. ती जागा माजी नाय."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. मुलीने मागून त्यांचा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, आये, गप. मीही सांगून पाहिलं की कुणाची तक्रार नाही, शेजाऱ्याची सही आहे, तुम्ही म्हणाल ते खरं धरायचं ठरलंय.

"म्हनून तर," काकी म्हणाल्या.

मग त्या दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं. लग्नानंतर एकाच खोलीत चूल आणि पाळणा. धुराने तान्ही मुलगी काळीनिळी पडायची. पश्चिमेच्या बाईने ते बांधावरून पाहिलं आणि म्हणाली, माझ्या जागेत खोली काढ, पोर जगू दे. ना कागद, ना साक्षीदार. दोघी बोलल्या आणि भिंत उभी राहिली. आता ती बाई नव्हती. ही गोष्ट जगात फक्त काकींना ठाऊक होती, आणि जिच्यासाठी घर वाचवायचं तीच पोर मागे पदर धरून उभी होती.

मी लिहिलं. पेन्शनीत निघेपर्यंत कित्येक घरं नोंदवली, पण ही जागा माझी नाही, शेजारणीची आहे, अशी ओळ पुन्हा कधी कुणी लिहायला लावली नाही. परत जाताना काकींनी पिशवीत शेंगा घातल्या, त्याही झटकून.

पुढे काही वर्षांनी भुईगावात जागेला सोन्याचा भाव आला. बोरिवलीच्या मुलाला बंगला बांधायचा होता. उतारा घ्यायला ऑफिसात आला आणि वाचता वाचता काकींच्या स्वयंपाकघराच्या ओळीपाशी थांबला. हे कुणी लिहायला सांगितलं, त्याने विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. त्याने उतारा घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, चला माझ्याबरोबर.

आम्ही गेलो तेव्हा काकींनी स्वयंपाकघराची कौलं उतरवून ओळीने रचून ठेवली होती. बंगल्याच्या पायाची आखणी झाल्याचं त्यांना कळलं होतं. चूल मागच्या पडवीत नेलेली, मुलगी धुरात डोळे पुसत भाकरी थापत होती.

"जागा मोकळी केलीय," काकी म्हणाल्या. "बगून घे."

त्या मुलाने बूट काढले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एकेक कौल उचलून परत वर चढवायला लागला. काकी त्याला थांबवत होत्या. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आईने दिलेलं मी कसं घेऊ, काकी?" तेव्हा त्या ओटीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

ती जागा नावावर करून द्यायला तो तयार होता. त्यांनी ऐकलं नाही. नाव तुज्या आयचंच राहू दे, म्हणाल्या.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर मुलीच्या नावावर आहे, पुतणे काही करू शकले नाहीत. मी अधूनमधून फिरत तिकडे जातो. बंगल्याची कंपाउंडची भिंत रस्त्यापासून नीट सरळ येते, काकींच्या घराशी आली की एकदम आत वळते, त्या लहानशा खोलीला वळसा घालते आणि पुन्हा सरळ जाते. परवा एक नवे रहिवासी हसून म्हणाले, गवंडी प्यायलेला दिसतोय. मी त्यांना सांगितलं, ते एका बाईचं स्वयंपाकघर आहे.

"त्यांच्याकडे जागेचा कागद असेल ना?"

"आहे की," मी म्हटलं. "मीच लिहिलाय. जागा त्यांची नाही, असं त्यात लिहिलंय."

कौलांतून धूर वर येत होता, आणि आत काकींची मुलगी सुपात शेंगा झटकत होती.