मटक्यातली कातरण

तुम्ही दोघं तिकडच्या मोर्च्यांचे फोटो पाठवता आणि विचारता, आजी, तुमच्याकडे असं व्हायचं का? व्हायचं. पण मोर्च्यात माणसं किती होती, यावरून मी काही ठरवत नाही. का, ते सांगते.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी कोंढ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका घरी विड्या वळत. ठेकेदार त्यांना पानं-तंबाखू द्यायचा आणि वळलेल्या विड्या घेताना त्यातल्या पुष्कळशा ‘छाट’ म्हणून, म्हणजे वाईट म्हणून, बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. त्याच विड्या तो बाजारात विकतो असा बायकांना संशय होता. मलाही होता. शेवटी त्यांनी काम बंद केलं. मागणी एकच: छाट आमच्या डोळ्यांदेखत मोडा.

शहरातून एक पुढारी आले. त्यांच्या भाषणात लोकशाही हा शब्द फार यायचा. पंधरवड्यानं त्यांनी सभा घेतली. “ठेकेदार छाट कमी करतो म्हणतो. आता कामावर जायचं ना? हात वर करा!” सगळे हात वर गेले. “एकमतानं मंजूर,” ते म्हणाले आणि तसं वहीत लिहिलं.

माझ्या शेजारणीचाही हात वर होता. घरी येताना मी तिला विचारलं, “तुला तर मोडूनच पाहिजे होत्या. मग?”

“ठेकेदाराचा माणूस खांबाले टेकून बसला होता ना, बाई. एकेकीचं तोंड पाहून राहिला होता. उद्या मले पानं देणं बंद केलं तं पोरं काय खातीन?”

दुसऱ्या दिवशी बायका माझ्या ओसरीवर जमल्या. पुन्हा मत घ्यायचं, पण हात न दाखवता. मी चिठ्ठ्या सुचवल्या.

“लिहिता येते कोणाले?” एक म्हातारी हसली.

मग त्यांनीच ठरवलं. कामावर जायचं असेल तिनं विडीसाठी कापलेलं तेंदूचं पान टाकायचं. काम बंदच ठेवायचं असेल तिनं पान कापून उरलेली कातरण. मूठ झाकून आत जायचं आणि मटक्यात टाकून यायचं.

मटका माझा. मी तो पुसला, उपडा करून सगळ्यांना दाखवला आणि आतल्या खोलीत ठेवला. तरी म्हातारी म्हणालीच, “बाई, तुमचा हात पदराखाली काहून हाय?”

मी दोन्ही हात बाहेर काढून बसले. राग आला नाही. सभेत असं कोणी विचारलं नव्हतं.

मटका ओसरीवर ओतला तेव्हा पुढारी येऊन पोहोचले होते. नुसती कातरणच कातरण. कापलेली पानं मोजकीच. त्यांचा चेहरा उतरला. “कातरण कोणी कोणी टाकली? हिंमत असेल तर उभ्या राहा!”

कोणी हललं नाही. शेजारीण पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

“काल लिहिलं तसंच लिहा, सायेब,” म्हातारी बसल्या बसल्याच म्हणाली. “एकमतानं.”

काम आणखी काही दिवस बंद राहिलं आणि ठेकेदार नमला. कामाच्या पहिल्या दिवशी त्याच्या माणसानं टोपल्यातल्या छाट विड्या सगळ्यांसमोर मोडल्या. अंगणभर तंबाखूचा वास पसरला, बायका हसत घराकडे निघाल्या. शेजारीण मात्र टोपल्याजवळच बसून होती.

“चल ना,” मी म्हणाले. “मोडल्या की.”

“थांबा, बाई,” ती म्हणाली. “तळाशी हायेत अजून.”