उजवा कौल

सुधाकर गेल्याची बातमी मला सकाळी पोदेराने दिली. पाव पिशवीत टाकता टाकता तो म्हणाला, "मास्तर गेले न्हय? तुमका कोणी सांगूंक ना?" मला कोणी सांगितले नव्हते. त्या घरातून मला फोन यावा असे मी वागलो तरी कुठे होतो... पावाची पिशवी तशीच हातात धरून मी सोप्यावर बसून राहिलो. त्याला आता महिना उलटला. तो असताना जे सांगायला हवे होते ते आज लिहितो आहे.

आम्ही दोघे एकाच वाड्यावरचे, मयेच्या तळ्यात बरोबरच पोहायला शिकलेले. तो पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. मी खाणीवर ट्रक घातले आणि देवस्थानच्या समितीत बसलो. त्याच्या डोक्यात एकच विषय असायचा, रानातला दुष्काळ कसा मोजायचा. तो म्हणायचा, आपल्यासारख्या सदाहरित रानाला दुष्काळ पडला तरी ते हिरवेच दिसते, म्हणून कोणाला कळत नाही. पर्जन्यमापक पाऊस सांगतो, झाडाची तहान सांगत नाही. त्यासाठी तो खोडाभोवती स्प्रिंग लावलेला पोलादी पट्टा बांधायचा. खोड पाण्याने भरले की पट्टा ताणला जातो, तहानेने आक्रसले की मागे सरतो. पट्ट्यावरची खूण पहाटे वाचायची, कारण रात्रभर पाणी ओढून झाड तेव्हा सर्वांत भरलेले असते.

हे पट्टे त्याला आमच्या देवराईत बांधायचे होते. पण देवाच्या झाडाला लोखंड लावायचे नाही, अशी आमची रीत. मी हसून म्हणालो, "देवाक विचार मरे, माका कित्याक विचारता?" त्याने खरेच विचारले. म्हाताऱ्या पुजाऱ्याने कौलासाठी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले. गाभाऱ्यापाशी आम्ही तिघेच होतो. उजवी पाकळी पडली. "घे, देवान हय म्हटलां," मीच त्याच्या पाठीवर थाप मारली. कॉलेजात एवढे शिकवणारा माणूस, पण लहान मुलासारखा हरखला होता.

काही पट्टे त्याने देवराईत बांधले, काही डोंगरापलीकडच्या रानात. पुढच्या वर्षी पाऊस गणपतीनंतर जो थांबला तो परतलाच नाही. देवराईतली झाडे अवेळी पाने टाकू लागली. एका संध्याकाळी चहा पिताना तो हळूच म्हणाला, "बाबल, पाऊस दोनूय कडेन सारकोच. पण आमची झाडां चड आक्रसल्यांत. जमिनीतलें पाणी खंय तरी वता." कुठे जाते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. देवराईच्या खालच्या अंगाला खाणीचा खड्डा होता आणि तिथले पाणी रात्रंदिवस उपसले जात होते. माझे ट्रक त्याच खड्ड्यातून माल भरत होते.

गावात मात्र वेगळेच उठले. मास्तराने लोखंडाने झाडांचे गळे आवळले, म्हणून देवराई सुकते. मांडावर, गावाच्या बैठकीच्या जागी, गाव जमला. पुजारी तोवर वारला होता. सुधाकर शांतपणे म्हणाला, "हांवें कौल घेतिल्लो. बाबल साक्षी आसा." सगळे माझ्याकडे वळले. "सांग रे," तो म्हणाला. त्या आवाजात जराही काळजी नव्हती.

"माका याद ना," मी म्हणालो.

पट्टे त्याच दुपारी कापले गेले. कोरड ऐन वाढत असताना देवराईतली मोजणी थांबली आणि ती पुन्हा कधी झाली नाही. गावासाठी तो देवाला खोटा कौल चिकटवणारा माणूस झाला. पालखी त्याच्या दारावरून न थांबता पुढे जाऊ लागली. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. वाटेत भेटलो तर विचारायचा, "बरो आसा मरे?" त्या तीन शब्दांना मी इतका भ्यायचो की पुढे पुढे त्याची वाट टाळून लांबच्या पाणंदीने जाऊ लागलो.

परवा धीर करून त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिले. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तांकां खबर आसलें, भाऊ. ते म्हणटाले, बाबलाक याद आसा, म्हणून तो हांगा येना." आणि उठून मला परसात घेऊन गेल्या.

परसातल्या फणसाला एक पट्टा आहे. देवराईतले बांधायच्या आधी त्याने तो इथे बांधून पाहिला होता. इतकी वर्षे तो रोज पहाटे येऊन वाचायचा. फणस मधल्या काळात केवढा तरी वाढला आहे, स्प्रिंग त्याच्याबरोबर ताणली गेली आहे. "काडूं काय तो आतां?" वहिनींनी विचारले. मी म्हणालो, "नाका. आयतारा मांड आसा. थंय सांगतां, देवान हय म्हटिल्लें, ना म्हटलें तें हांवें. मागीर सगळ्यांक हांगा हाडटां."

मग मी वाकलो, पट्टा बोटाने जरा उचलला आणि खालून हात फिरवला. सालीवर कुठेही वळ नव्हता.