डब्याच्या आतल्या डब्यावर नाव कोणाचं?

बातमीदाराच्या वहीत पुढे बातम्या असतात आणि मागच्या पानांवर बाकीचं सगळं. माझ्या वह्यांची मागची पानं नेहमी आधी संपली. त्यातली निम्मी महाडच्या मोहन साळवीमुळे. मोहन कॉम्प्युटर जुळवून विकायचा आणि त्याच्याकडे फॅक्स होता, म्हणून मी रोज तिथे.

गिऱ्हाईक हार्डडिस्क केवढी ते विचारायचं, पडदा केवढा ते विचारायचं. वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कसला घालणार, हे कोणी विचारत नसे. मोहन मग दोन डबे काढून दोन हातांवर ठेवायचा. "वजन बघा. आत तांबं किती, ते हाताला कळतं."

एक बँकेतले साहेब वैतागले. "अहो, मी कॉम्प्युटर घेतोय, दुधी नाही."

"दुधी वाईट निघाला तर फक्त भाजी जाते, साहेब."

*

पोलादपूरच्या पुढे डोंगरात एका वाडीवर जाधव सरांची शाळा. गावच्या मुंबईकर मंडळाने शाळेला कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. अट एकच: मे महिन्यातल्या पूजेला तो चालू दिसला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षापासून मंडळाचा सगळा निधी देवळाच्या कमानीला. सरांची झोप उडाली.

खरेदीला मंडळाचे सेक्रेटरी सखादादा स्वतः आले. त्यांनी निळे दिवे लागणारी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची बाहेरची पेटी, पसंत केली. पॉवर सप्लाय तिच्यात फुकट. मोहनने तो हातावर तोलला आणि तोंड वाकडं केलं.

"चारशे वॅट लिहिलंय ना त्याच्यावर?" सखादादा म्हणाले.

"लेबल छापायला किती वॅट लागतात, दादा?"

"ते सोड. लाइट पब्लिकला दिसली पाहिजे. बस."

फुकटचा डबाच आत राहिला. एवढं बजावून सांगितलेलं न ऐकणारी माणसं मी फक्त सरकारी कचेऱ्यांत पाहिली होती.

*

आमच्याकडे देणगी दिली की वस्तूवर नाव रंगवतात. शाळेचा पंखा, घड्याळ, पाण्याचं पिंप, सगळ्यांवर कोणी ना कोणी कैलासवासी. कॉम्प्युटरचेही भाग वाटले गेले. मॉनिटर एकाचा, कीबोर्ड दुसऱ्याचा. माऊसवर नाव मावेना, म्हणून ते माऊसखालच्या पॅडवर गेलं. मॉनिटरवाल्याचं नाव लांबलचक; कडेवर मावेना, म्हणून पेंटरने शेवटचं गावाचं नाव काचेवर उतरवलं. पुढे कुठलीही फाईल उघडली की कोपऱ्यात ते गाव असायचंच.

*

यानंतरचा गाढवपणा माझा आहे. डब्याच्या मागे एक लाल खटका होता. एका बाजूला ११५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला २३०. वाडीवर पिठाची गिरणी चालू झाली की ट्यूबलाइटही पेटायची नाही. कमी दाबाच्या विजेवर मी इतक्या बातम्या लिहिल्या होत्या की मी स्वतःला त्या विषयातला तज्ज्ञ समजत होतो. म्हटलं, "सर, तुमच्या वाडीने दोनशे तीस कधी बघितलंय? खटका एकशे पंधरावर करा."

सरांनी केला. गिरणी चालू होती तोवर कॉम्प्युटरही चालला. मी विजयी मुद्रेने चहा घेतला. मग गिरणी थांबली, वीज पूर्ण दाबाने आली आणि डब्यात सुतळी बॉम्ब फुटला.

मोहनने येऊन तपासलं. बाकी सगळं वाचलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या बातम्या छापून येतात तेच बरंय. दुरुस्ती तरी छापता येते."

*

पूजेला चार दिवस राहिले. चांगला, जड डबा हवा होता आणि त्यासाठी देणगीदार हवा होता. सर दारोदार फिरले, मी सोबत, पापक्षालन म्हणून.

"नाव कुठे येणार?" पहिला प्रश्न तोच.

"आत. झाकणाच्या आत."

"मग दिसणार कोणाला?"

एका घरी मी भांडलोच. "अहो, विहिरीला झरा असतो, तो दिसतो का?"

यजमान शांतपणे म्हणाले, "म्हणून तर झऱ्यावर कोणी नाव लिवत नाय."

*

परत निघालो तेव्हा वाटेत वाडीतल्या अनसूयाकाकी उभ्या होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. "सर, तो डबा माझ्याकडून. आमच्या घरवाल्याचं नाव लिवा."

सर प्रामाणिक माणूस. "काकी, झाकण लागलं की नाव कोणाला दिसणार नाही."

"नको दिसूदे. मुंबईला मिलमध्ये बॉयलरवर व्हता तो. साहेब लोक मिल बघाया यायचे, ते कापड विणायचे साचे बघून जायचे. बॉयलरकडं कोण फिरकला नाय."

मोहनने हातावर तोलून डबा निवडला. पेंटरने नाव घातलं. झाकण लागलं.

पूजेच्या दिवशी सखादादांनी बटण दाबलं. निळे दिवे लागले, पडदा उजळला, टाळ्या पडल्या. सगळं गाव पडद्यासमोर गोळा झालं. काकी मात्र मागून गेल्या. डब्याच्या पंख्यातून वारा येत होता, त्याच्यासमोर त्यांनी तळहात धरला. बराच वेळ धरला.

सरांनी हळूच विचारलं, "काय झालं काकी?"

"काय नाय," त्या म्हणाल्या. "कामावर हाय."