लव्हाळ्याचा गोल देठ

लकव्यानंतर नवऱ्याच्या उजव्या हाताला हालचाल आली, पण स्पर्श कळेना. बुलढाण्याच्या फिजिओथेरपिस्टने सांगितले होते, डोळे मिटायला लावा, हातात वस्तू द्या आणि ओळखायला सांगा. किल्ली, बटण, चमचा, सगळ्याला उत्तर एकच, "काहीतरी हाय."

ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. लव्हाळे हा त्यांचा खास विषय. दरवर्षी मुलांना तलावाच्या काठी नेऊन सांगायचे, देठ बोटांत फिरवा, तीन धारा लागल्या तर लव्हाळा. आता बोटांनाच कळत नाही तर तलावावर जाऊन करू काय, असे म्हणून त्यांनी वाळवलेल्या नमुन्यांचे गठ्ठे मला जाळायला सांगितले. मी ते पलंगाखाली सारले.

एकदा वावरातून येताना तलावाच्या काठचा एक हिरवा देठ तोडून आणला. पाने नव्हती, टोकाला बारीकसे कणीस. तो लव्हाळाच, एवढे मला यांच्यासोबत राहून कळते. डोळे मिटायला लावून त्यांच्या बोटांत दिला आणि विचारले, धारा किती?

बराच वेळ फिरवून ते म्हणाले, "एकही नाही. गोल हाय."

मी बरे म्हटले आणि देठ घेऊन चहा ठेवायला आत गेले. आता आणखी कोणत्या डॉक्टरकडे न्यावे, याचा विचार करत दुधाकडे बघत होते. हातातला देठ सहज फिरवला. गोल लागला. हात पुसून पुन्हा फिरवला. एकही धार नव्हती.

तशीच बाहेर आले. "तुमचं बरोबर हाय. गोलच हाय हा. मंग लव्हाळा नाही?"

"काऊन नाही? एक जात गोल देठाचीबी असते. दे इकडे."

या वेळी त्यांनी आपणहून डोळे मिटले आणि देठ खालपासून वर दाबत नेला. या जातीच्या पोकळ देठात आडवे पडदे असतात. ते एकेक करून पट् पट् फुटले.

"मले लागले," ते म्हणाले. "नुसते ऐकू नाही आले, बोटाले लागले."

आत दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठले नाही.

"उद्या मुळासकट आणजो," ते म्हणाले. "कंद पाहाले लागते. गठ्ठ्यात असाच एक होता, ताडून पाहिला असता. पण तू तर जाळले."

मी वाकून पलंगाखालचा पहिला गठ्ठा ओढला, त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि गॅस पुसायला गेले.